जाताना चाळीस, येताना पन्नास

एका जागी बसून विचार करणं मला आजही जमत नाही. वर्गात शिकवताना मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहते, आणि मागच्या बाकावरची पोरं माझ्या फेऱ्या मोजतात हे मला ठाऊक आहे. ही सवय कॉलेजातली नव्हे, घरची. मखमलाबादला आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि दारापुढूनच झेंडूच्या सऱ्या सुरू व्हायच्या. अभ्यासाला खोली नव्हती, टेबल नव्हतं, आणि असतं तरी त्यावर आईनं फुलांच्या पाट्या ठेवल्या असत्या. म्हणून मी वही हातात धरून सरीतून चालायची. पहिल्या टोकाला रामफळाचं झाड, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या मोटारीची खोली. त्या दोन टोकांच्या मधे मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीसुद्धा कुणी झालं नव्हतं, हे मी मोठ्यानं सांगते, कारण ते खरं आहे आणि त्याला माझ्या चपलांचे किती जोड लागले ते मला माहीत आहे.

घरात सतत काहीतरी वाजत असायचं. लाइट आली की मोटार घरघरायची, गेली की लांबवर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज उरायचा. आई भाकरी थापायची तो थप थप, आणि आप्पांच्या पाठीवरच्या फवारणी पंपाच्या दांड्याचा खटक, फस्स, खटक, फस्स. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना घड्याळ कळायचं, पण ते वेळ सांगायचे पंपावर. "दोन पंप होईस्तोवर भाकरी टाक," म्हणायचे. सगळ्याला झेंडूचा वास. भाकरीला, ठेच्याला, माझ्या वहीला. तोडणीच्या दिवसांत नखं पिवळीधम्मक व्हायची आणि लिंबू चोळलं तरी जायची नाहीत. कॉलेजात मी हात ओढणीत लपवून बसायची. इतकी स्वाभिमानी मुलगी मी, आणि नखांची लाज वाटायची. हे लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा झाली होती, फक्त प्रत्येकाला एक विषय घेऊन तासभर बोलायचं बाकी होतं. देवरे सर सटाण्याकडचे, बोलायला तुटक, पण शिकवण्यात जीव ओतणारे. त्यांनी मला एका जाडजूड झेरॉक्सचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, "हे तुला झेपंल. बाकीच्यांना नाही द्यायचं." विषय होता गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लेझर यंत्रांचा. परदेशात तेव्हा अशी यंत्रं नुकतीच उभी राहिली होती. एकमेकांशी काटकोनात दोन सरळ लांब नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर. एकच लेझर किरण दुभागून दोन्हींत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही अर्धे पुन्हा एकत्र करायचे. आकाशात दूर कुठं दोन जडशीळ तारे आदळले की अवकाशातच एक लाट निघते. ती लाट एक नळी किंचित ताणते, दुसरी किंचित आवळते. किती किंचित, ते सांगितलं तर आईनं मला वेड्यात काढलं असतं. पण तेवढ्यानं दोन किरणांचा मेळ चुकतो आणि लाट आली हे कळतं.

माझा भाग होता वेगवान लाटांचा. लाट सावकाश असेल तर सोपं असतं, कारण किरण जाऊन येईपर्यंत नळी जवळपास तेवढीच राहते. पण लाट सेकंदाला हजारो वेळा ताणू-आवळू लागली, तर किरण नळीत असतानाच नळी बदलत राहते. चार किलोमीटरच्या नळीत किरण जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढ्याच वेळात एकदा ताणून आवळणारी लाट घ्या. सेकंदाला साडेसदतीस हजार वेळा. मी ते सरीत चालून बघितलं होतं. मी मोटारीच्या खोलीकडं जाताना सरी ताणलेली, वळून परत येताना सरी आवळलेली. जाताना जेवढं जास्त चालले, येताना तेवढंच कमी. बेरीज शून्य. म्हणजे त्या लाटेला यंत्र ठार बहिरं. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी दोन दिवस घरात सगळ्यांना शून्य शून्य करत फिरले. आई म्हणाली, "शून्यासाठी एवढी शिकली व्हय गं? ते तर मला बी येतं."

त्या वेळी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून एक मॅडम आमच्या कॉलेजात दीड दिवसासाठी आल्या होत्या. आमची भाषणं ऐकून त्यांना एकालाच वर्षभराच्या कामासाठी पुण्याला न्यायचं होतं. आम्ही तिघं होतो. एक डॉक्टरांचा मुलगा, एक प्राध्यापकांची मुलगी, आणि मी. मला जागा मिळाली नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. मामानं विंचूरच्या वाइन पार्कमधल्या एका कारखान्यात माझी सोय लावली होती, द्राक्षाच्या रसातली साखर आणि आंबटपणा मोजायचा. सोमवारी हजर व्हायचं होतं. नोकरी वाईट नव्हती. आज मी ते मान्य करते. तेव्हा मात्र विंचूर हा शब्द काढला की माझ्या पायांत मुंग्या यायच्या. आप्पा एवढंच म्हणाले होते, "शनवारपर्यंत तुझं काय ते कर. मग मी मामाला सांगतो, हो का नाय."

शुक्रवारी दुपारी मी बोलले. चांगलं बोलले, हे देवरे सरांच्या डोलणाऱ्या मानेकडं बघूनच कळत होतं. शेवटी मी ते शून्य फळ्यावर मोठं काढलं आणि खडू ठेवला. मॅडम ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर वही. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. म्हणाल्या, "छान. लाट कुठून आली?"

"वरून," मी म्हणाले.

"वरूनच का?"

मला प्रश्नच कळला नाही. वरून नाही तर कुठून येणार? आज यावर मी हसते. आमच्याकडं जे येतं ते सगळं वरूनच येतं. ऊन वरून, पाऊस वरून, गारा वरून. माणूस सकाळी उठून दारात येतो तो आधी वर बघतो. झेरॉक्समधल्या आकृतीतही बाण वरूनच खाली होता, आणि मला एकदाही वाटलं नाही की तो चित्र काढणाऱ्यानं सोयीसाठी तसा काढला असेल. शहरातल्या पोरानं कदाचित विचारलं असतं. मी आभाळाखाली वाढलेली, मी नाही विचारलं.

"आकाश सगळीकडं आहे," मॅडम म्हणाल्या. "क्षितिजाजवळही आहे, पायाखाली पृथ्वीच्या पलीकडंही आहे. लाट तिरपी आली तर तुझं शून्य राहतं का? मी उद्या सकाळी दहाला निघते. नऊला ये आणि सांग."

बाहेर देवरे सरांनी गाठलं. ते घाबरले की सटाण्याची बोली बाहेर यायची. "सोपं शे गं," म्हणाले. "तू इचार कर." पण त्यांचा स्वतःचा चेहरा काही सोपा नव्हता.

मी सिटी बसनं घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. दसरा आठवड्यावर आलेला. फुलं भरात होती आणि तुडतुडे पडले होते, त्यामुळं आप्पांना फवारणी टाळता येत नव्हती, आणि वारा काही पडत नव्हता. आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही, वही घेऊन ओट्याच्या या टोकाला, त्या टोकाला. समीकरण कसं लिहायचं ते कळत होतं, पण त्यात काय घालायचं ते कळत नव्हतं. जाताना काय होईल, येताना काय होईल. मला दोन्ही सारखंच दिसत होतं. पुन्हा शून्य, पुन्हा शून्य.

"जिमिनीला पायवाट पडंल," आई म्हणाली.

"आई, गप गं."

"मी गपच हाय. तूच वाजती. मेथी निवडायला हात दे, नायतर लांब जा. मला चक्कर येती तुला बघून."

मी लांब गेले. सरीच्या तोंडाशी आप्पा तोंडाला रुमाल बांधून पाण्यात औषध कालवत होते. पंप पाठीवर घेऊन ते रामफळाकडून मोटारीच्या खोलीकडं निघाले. खटक, फस्स. मी त्यांच्या शेजारच्या सरीतून चालू लागले, चार हात लांब, औषध अंगावर येऊ नये म्हणून. डोक्यात शून्य होतं आणि कानात पंप. टोकाला जाऊन आप्पा वळले आणि परत येऊ लागले, आणि मला काहीतरी खटकलं. का खटकलं ते आधी कळेना. मग मी मोजायला लागले. पुढच्या सरीला जाताना दांडा चाळीस वेळा. येताना पन्नास. त्याच्या पुढच्या सरीला जाताना एकेचाळीस, येताना पन्नास.

"आप्पा, येताना जास्त का मारता?"

आप्पांनी रुमाल खाली केला. "वारा बघ ना. तिरपा हे. जाताना तो माझ्यासंगं चालतो. मी फवारलेलं माझ्यासंगंच पुढं येतं, त्याच झाडांवर घुटमळतं, मग कमी मारलं तरी भागतं. येताना तो समोरून येतो. मारलं की मागं उडून जातं. मग जास्त मारावं लागतं."

"सरी तीच, तेवढीच."

"सरी तेवढीच असंल गं. वारा तेवढाच हे का?" आणि मग जरा रागानं, कारण उजेड चालला होता, "आडवा वारा असला तर जाताना-येताना सारखंच. तिरपा असला की नाय. हे तुला एम.एस्सी.ला शिकवलं नाय?"

मी तिथंच सरीत बसले. खरंच बसले, चिखलात, आणि मांडीवर वही उघडली. आयुष्यात बसून केलेलं गणित ते एकच. लाट वरून आली तर सगळी सरी एकाच वेळी ताणते, एकाच वेळी आवळते. पण लाट तिरपी आली, तर जाताना किरण लाटेच्या संगं चालतो, त्याला तीच लाट पुष्कळ वेळ सोबत करते. येताना तो लाटेच्या समोरून येतो, त्याला भराभर वेगळी लाट भेटत जाते. जाताना साठलेलं येताना फिटत नाही. काहीतरी उरतं. आणि किरण काही एकदाच जात नाही, त्या नळीत तो आरशा-आरशांत शेकडो फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत तेवढंच उरतं आणि उरलेलं साठत जातं. ज्या सुराला मी यंत्राला बहिरं म्हटलं होतं, त्याच सुराला ते तिरप्या लाटेसाठी कान टवकारून बसलेलं होतं. उठले तेव्हा सगळा ड्रेस मागून भिजला होता. आप्पा शेवटच्या सरीत होते. मी ओरडले, "आप्पा, उरतं! उरतं!"

"पंपात व्हय? नाय, संपलं," आप्पा लांबून म्हणाले.

जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. मेथीची भाजी, भाकरी, वर ठेचा. त्यांना निम्मं कळलं, पण पंपाचं नीट कळलं. ते आईला म्हणाले, "बघ, पुण्याच्या बाईला माझ्या पंपाचं सांगणार ही." आई म्हणाली, "मग पंप घासून तरी ठेवा, घाण वास मारतो."

दुसऱ्या दिवशी नऊला मी गेले. डॉक्टरांचा मुलगा आणि प्राध्यापकांची मुलगी आधीच बसलेले, इस्त्रीचे कपडे. मॅडमची बॅग दाराशी बांधून ठेवलेली, हातात चहाचा ग्लास. मी फळ्यावर जाणं वेगळं मांडलं, येणं वेगळं मांडलं आणि उरलेलं दाखवलं. मॅडमनी चहा ठेवला. "मग जितकी तिरपी तितकं जास्त? अगदी नळीच्या रेषेत आली तर सगळ्यात जास्त?"

मी फळ्याच्या एका टोकाला गेले, परत आले. "नाही, मॅडम. तिथं पुन्हा शून्य. लाट ज्या दिशेनं जाते त्या दिशेला ती ताणत नाही, आडवं ताणते. अगदी वरून शून्य, अगदी रेषेत शून्य. मधेच कुठंतरी ऐकू येतं."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "हे तुला कशावरून सुचलं?"

आता सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या हातात खडू होता आणि खडूमागं पिवळी नखं. ती दोघं माझ्याकडं बघत होती. पाठीवरचा पंप, तोंडाला रुमाल, तुडतुडे, हे सगळं माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं.

"एका पुस्तकात वाचलं होतं, मॅडम."

"कुठल्या?"

"नाव आठवत नाही. मुखपृष्ठ फाटलेलं होतं."

मॅडम माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "सापडलं तर मला दे," म्हणाल्या. "हे असं मांडणारं पुस्तक मी तरी पाहिलेलं नाही." मग देवरे सरांकडं वळून, "ही पुढच्या महिन्यात माझ्याकडं येईल."

घरी आले तर आप्पा टेम्पोत क्रेट चढवत होते. त्यांनी काही विचारायच्या आत मी होकाराची मान डोलावली आणि ते एक क्रेट हातात तसाच धरून उभे राहिले. मग पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो जागेचा नव्हता. "पंपाचं सांगितलंस?"

"हो," मी म्हणाले.

एकाच सकाळी दोन वेळा खोटं बोलले. पहिलं लाजेपोटी, दुसरं त्या लाजेची लाज वाटून. आप्पांनी पेठ नाक्यावरच्या बूथवरून मामाला फोन केला, "पोरगी विंचूरला येणार नाय," आणि तिथून थेट फुलबाजारात गेले. दसऱ्याच्या गर्दीत, हार बांधणाऱ्या बायकांना, हमालांना, चहावाल्याला त्यांनी सांगितलं की पुण्याच्या शास्त्रज्ञ बाईला आमच्या पोरीनं आमच्या पंपावरनं कोडं सोडवून दिलं. पुढं कित्येक वर्षं मी बाजारात गेले की कुणीतरी म्हणायचं, "पंपवाली आली." आप्पांना खरं मी कधी सांगितलं नाही. सांगण्याजोगा एकही दिवस मला सापडला नाही, आणि आता ते नाहीत.

पुण्यात वर्ष कसं गेलं कळलं नाही. मॅडम फार बोलायच्या नाहीत, पण दोन-तीनदा, मी गणितात अडकून व्हरांड्यात फेऱ्या मारताना दिसले की दारातून डोकं काढून विचारायच्या, "पुस्तक सापडलं का गं?" मी म्हणायची, "शोधतेय, मॅडम."

मग पुढच्या दसऱ्याच्या आधी त्या पुन्हा आमच्या कॉलेजात आल्या. मी तोडणीच्या सुटीला घरी आलेच होते, म्हणून मीही गेले. काम झाल्यावर म्हणाल्या, "तुझ्या घरी जेवायला येणार." मी हजार कारणं काढली. घर लांब आहे, रस्ता खराब आहे, तोडणी चालू आहे. त्या रिक्षात जाऊन बसल्या. मखमलाबादपर्यंत मी रिक्षाची सळई धरून बसले होते, आणि हात इतका घट्ट की उतरताना बोटं सुटेनात.

आईनं शेवग्याची आमटी आणि बाजरीच्या भाकरी केल्या. मॅडम ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि दुसरी भाकरी मागून घेतली, तेव्हा आईनं त्यांना आपलं मानलं. "ही तिकडं पण चालत असती का हो दिवसभर?" आईनं विचारलं. "फरशी झिजली आमची," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात आप्पा हात धुऊन आले.

"तर ते पंपाचं," आप्पा म्हणाले. "मागल्या वर्षी हिनं तुम्हाला सांगितलंच असंल. जाताना चाळीस, येताना पन्नास."

मी भाकरीकडं बघत राहिले. आईच्या तव्यावर दुसरी भाकरी फुगत होती तिचा आवाजसुद्धा मला आला. मॅडमनी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या हातांकडं. सुटीला आले होते, नखं पुन्हा पिवळी झाली होती.

"सांगितलं होतं ना," मॅडम म्हणाल्या. "पण मला नीट कळलं नव्हतं. तुम्ही दाखवा."

आप्पांना एवढंच हवं होतं. औषध नको म्हणून त्यांनी पंपात साधं पाणी भरलं, पाठीवर घेतला आणि सरीत उतरले. मॅडम कॅनव्हासच्या बुटांनी त्यांच्या मागं. मी ओट्यावरून बघत होते. रामफळापासून मोटारीच्या खोलीपर्यंत मॅडमचा मोजण्याचा आवाज येत होता. जाताना त्रेचाळीस. आप्पा वळले. येताना त्रेचाळीस.

आप्पा ओशाळले. बोट ओलं करून वर धरलं. "आज वाराच नाय, मॅडम. नायतर फरक पडतो. खरंच पडतो."

"म्हणजे आज शून्य," मॅडम म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. आप्पांना शून्याचं काही कळलं नाही, पण तेही हसले, पाठीवरचा पंप गदागदा हलवत.

निघताना मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. बुटांना चिखल लागला होता तो त्यांनी बांधाच्या गवतावर पुसला, एक पाय, मग दुसरा. आत बसल्या. रिक्षा सुरू झाल्यावर डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "पुस्तक सापडलं गं. मुखपृष्ठ शाबूत आहे."